शब्दाचा सांधा

वसंत ऋतूत व्याख्याने ऐकावयास जमण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली अशी माला सुरू झाली आणि पुढे गावोगाव तिचे अनुकरण झाले. अशा मालेचा कापडी फलक मंडपाच्या दाराशी लागतो, तेव्हा रंगारी आपल्या सोयीने तीन ओळी पाडतो. पहिल्या ओळीत 'वसंत', दुसरीत 'व्याख्यान', तिसरीत 'माला'. तो वाचून एखाद्या नवख्याने "हे वसंतराव व्याख्यान कधी देणार, आणि ही माला कोण?" असे विचारले, तर त्याला हसण्यात अर्थ नाही. त्याने लिहिले तसेच वाचले. तीन शब्दांचा मिळून एक शब्द झालेला आहे, हे सांगणारा सांधा रंगाऱ्याने मोडून टाकला होता.

या सांध्याविषयीच आम्ही चार गोष्टी सांगणार आहोत. विषय व्याकरणाचा आहे. पण व्याकरण म्हणजे शाळेत सोडून आलेली पीडा, अशी समजूत करून घेऊन कोणी उठू नये. ज्या कागदावर आपली जमीन, आपले कर्ज आणि आपले पाणी लिहिलेले असते, तो कागद आज बहुतेक जोडशब्दांनीच भरलेला असतो. ते शब्द कुठे जोडले आहेत हे ज्याला दिसते, त्याला तो कागद कळतो. ज्याला दिसत नाही, तो अंगठा उठवून मोकळा होतो.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. शब्दाची तोड दोन ठिकाणी होते. एक तोड जीभ करते. दुसरी अर्थ करतो. जीभ शब्दाचे घास करते. एका दमात जेवढा ध्वनी बाहेर पडतो तेवढा एक घास. त्याला शास्त्रात अक्षर म्हणतात. आपण मात्र कागदावरच्या चिन्हालाही अक्षरच म्हणतो, आणि घोटाळा तेथूनच सुरू होतो. 'देवघर' हा शब्द लिहावयास चार अक्षरे लागतात. बोलताना घास दोनच होतात, देव् आणि घर्. 'व' आणि 'र' यांतील 'अ' आपण लिहितो, पण उच्चारीत नाही. मराठी माणूस शब्दाच्या शेवटचा 'अ' सहसा गिळतो, आणि मधलाही सोयीप्रमाणे गिळतो. 'नगर' म्हणताना न-गर्. तेच 'नगरात' म्हणताना नग्-रात्. 'अ' एका घरातून उठून गेला, आणि हे आपल्याला कोणी शिकविलेले नाही.

आपल्या गावाचेच नाव घ्या. 'दिग्रस' लिहिताना ग आणि र यांची गाठ मारावी लागते. पण कोणीही दिग्रसकर 'दि-ग्रस' म्हणत नाही, 'दिग्-रस्' असेच म्हणतो. म्हणजे लेखणीने जे एकत्र बांधले ते जिभेने सोडविले. यावरून 'दिग्' आणि 'रस' असे दोन शब्द येथे जोडलेले आहेत असे मात्र कोणी समजू नये. घास तुटला म्हणजे अर्थ तुटलाच असे नाही. उलट 'यवतमाळ' या नावात सांधा असल्याचे सर्वांना मान्य आहे, पण सांध्यापलीकडे काय आहे याविषयी दोन मते आहेत. लोकांच्या कानाला तो 'माळ' वाटतो. जुन्या इतिहासाचे जाणकार तो 'महाल' या शब्दाचा झिजलेला अवशेष मानतात, कारण येथे पूर्वी परगण्याचे ठाणे होते. सांधा एकच, पण त्याच्या पलीकडे कोणाला रान दिसते, तर कोणाला कचेरी.

आता या दोन तोडींचा संबंध पाहू. 'पाठवला' आणि 'लोकसभा' हे दोन शब्द शेजारी शेजारी लिहून पाहा. दोन्हींत चार अक्षरे. पहिल्याला काना किंवा त्यासारखा दीर्घ स्वर, मधली दोन बिनकान्याची, शेवटच्याला पुन्हा काना. घडण अगदी सारखी. पण म्हणताना 'पा-ठव्-ला' असे म्हणतो, आणि 'लोक्-स-भा' असे म्हणतो. 'लो-कस्-भा' असे कोणी म्हणत नाही. का बरे? कारण 'लोक' येथे संपला आणि 'सभा' येथून सुरू झाली, हे आपल्या मनाला ठाऊक असते. सांध्यापलीकडे नव्या शब्दाचे पहिले अक्षर आहे, आणि पहिल्या अक्षराचा 'अ' गिळावयाचा नाही, हा मराठीचा कायदा आहे. 'बिनपगारी' हा शब्द आपण 'बिन्-पगारी' असा म्हणतो, 'बि-नप्-गारी' असा नाही, त्याचे कारण हेच. 'नगरपरिषद' म्हणताना 'परिषद' शब्दाचा 'प' शाबूत राहतो, तोही याच कायद्याने.

येथे वाचन शिकणाऱ्या मुलाची अडचण लक्षात येते. ज्या मुलाला 'सभा' हा शब्द माहीत नाही, ते 'लोकसभा' वाचताना नेमके सांध्याशी अडखळते. त्याची जीभ जड आहे असे आपण म्हणतो. वस्तुतः जीभ ठीक असते. त्याला अर्थ कळलेला नसतो. लिपी त्याला मदत करीत नाही, कारण आपली लिपी शब्दाच्या पोटातला सांधा दाखवीत नाही. प्रौढपणी वाचावयास शिकणाऱ्याची गतही तीच. तेव्हा शिक्षकाने अशा वेळी मुलाला पुनःपुन्हा अक्षरे घोकावयास न लावता शब्दाची दोन पदे मोकळी करून दाखवावी. निम्मे काम तेथेच होते.

कधी कधी सांधा दाखविणे शिक्षकालाही अवघड जाते. 'नगर' आणि 'अध्यक्ष' यांचा 'नगराध्यक्ष' होतो, तेव्हा पहिल्याचा शेवटचा 'अ' आणि दुसऱ्याचा पहिला 'अ' एकमेकांत विरघळून 'आ' होतो. आता सुरी कुठे चालवावी? 'रा' या एकाच अक्षरात दोघांचा वाटा आहे. ही अडचण केवळ आपलीच आहे असे नाही. उत्तरेकडील नॉर्वे देशातही जोडशब्द सपाटून करतात आणि ते नियमाने एकत्र लिहितात. त्यांच्या भाषेत 'नात' म्हणजे रात्र आणि 'तोग' म्हणजे आगगाडी. रात्रीची गाडी ती 'नात्तोग'. त्यांच्या लिपीत 'नात' लिहावयास शेवटी दोन 'त' लागतात आणि 'तोग' लिहावयास एक. जोडल्यावर तीन व्हावयास हवेत. पण तीन सारखी व्यंजने लागोपाठ लिहावयाची नाहीत असा त्यांचा नियम असल्यामुळे एक गळतो. मौज पुढेच आहे. ओळ संपली म्हणून हा शब्द तोडावा लागला, तर गळलेला 'त' परत येतो आणि दोन्ही पदे आपापल्या पूर्ण वेषात उभी राहतात. भावांनी घर एकत्र केले तेव्हा एक खांब काढला, वाटण्या झाल्या तेव्हा तो पुन्हा रोवला, असा हा प्रकार आहे.

जोडताना पूर्वपदाचे रूप बदलणे हा तर मराठीचा हातखंडा आहे. पाहा, मामाचा मुलगा तो मामेभाऊ, आत्याचा आतेभाऊ, मावशीचा मावसभाऊ आणि चुलत्याचा चुलतभाऊ. 'मामा'चे 'मामे' झाले, 'मावशी'चे 'मावस' झाले. भाऊ मात्र चारही ठिकाणी भाऊच राहिला. 'पाणी' जोडात शिरले की 'पाण' होते : पाणवठा, पाणलोट, पाणचक्की, पाणकोंबडी. 'घोडा' कुठे 'घोड' होतो, कुठे 'घोडे' : घोडदौड आणि घोडेस्वार. 'फूल' मधला दीर्घ ऊ 'फुलपाखरू' म्हणताना आखडतो. नॉर्वेजियन भाषेतही दोन पदांमध्ये कधी 'ए', कधी 'स' असा एखादा दुवा घालतात. 'बार्न' म्हणजे मूल, 'हागे' म्हणजे बाग, आणि बालवाडी ती 'बार्नेहागे'. लोहार दोन पट्ट्या जोडण्यापूर्वी त्यांची टोके ठोकून पातळ करतो, तसेच भाषाही करते. पातळ झालेले टोक पाहिले की समजावे, येथे जोड आहे.

दोन्ही भाषांत आणखी एक गोष्ट समान आहे. अशा जोडांत कारभार शेवटच्या पदाकडे असतो. 'पाणी' नपुंसकलिंगी, पण पाणचक्की स्त्रीलिंगी, कारण चक्की स्त्रीलिंगी. प्रत्यय लागतो तोही शेवटच्या पदाला. पूर्वपदाला त्याची झळ लागत नाही. या शेवटच्या गोष्टीतून जोडशब्द ओळखण्याची एक उत्तम कसोटी मिळते. ती एका व्यवहारातल्या उदाहरणाने सांगतो.

सभेच्या इतिवृत्तात वाक्य असते, "ठराव एकमताने संमत झाला." याचा अर्थ, कोणीही विरोध केला नाही. आता बाजूने नऊ आणि विरुद्ध आठ मते पडली असती, तर काय लिहिले असते? "ठराव एका मताने संमत झाला." पहिल्या वाक्यात 'एक' हा 'मत' शब्दाशी जोडला गेला, म्हणून त्याला विकार झाला नाही. दुसऱ्यात तो मोकळा राहिला, म्हणून 'एका' झाला. एका कान्याचा फरक. पण पहिल्यात सारे गाव एक आहे आणि दुसऱ्यात गाव निम्मे निम्मे फुटलेले आहे. आता घाईत असलेल्या कारकुनाने 'एक मताने' असे तोडून लिहिले, तर दहा वर्षांनी ते इतिवृत्त वाचणाऱ्याने काय समजावे? भांडण कचेरीत गेले, तर त्या मोकळ्या जागेवर वकील तासभर बोलू शकेल.

नॉर्वेत या मोकळ्या जागेवरून मोठी थट्टा चालते. तेथे 'रॉयकफ्रित' असे एकत्र लिहिले की त्याचा अर्थ धूम्रपानास बंदी. तेच 'रॉयक फ्रित' असे सोडवून लिहिले की अर्थ होतो, खुशाल ओढा! आपल्याकडे 'पोटभर जेव' यात आग्रह आहे. 'पोट भर' ही आज्ञा आहे, आणि तिच्यात थोडा तुसडेपणाही आहे. आपले व्याकरण जोडशब्द एकत्र लिहावयास सांगते. पाट्या मात्र 'ग्राम पंचायत', 'नगर परिषद' असे तोडून लिहितात. तेथे अर्थ बिघडत नाही म्हणून आपण सोडून देतो, आणि सवय अशी लागते की जेथे बिघडतो तेथेही सोडून देतो.

ओळ संपल्यावर शब्द तोडण्याचेही असेच. जुळारी खिळे जुळवीत असे तेव्हा, आणि आता यंत्र जुळविते तेव्हाही, ओळीच्या शेवटी जागा उरली नाही की शब्द मोडतो. तो सांध्यावर मोडला तर वाचकाला कळतही नाही. 'कर्ज' या ओळीत आणि 'माफी' पुढच्या ओळीत, हे ठीक. पण 'कर्जमा' या ओळीत राहिले आणि पुढच्या ओळीच्या आरंभी एकटी 'फी' आली, तर वाचणाऱ्या शेतकऱ्याच्या पोटात क्षणभर गोळा उठेल.

लेखनाच्या नियमांनी सांधा दाखविण्याची एक सोय करून ठेवलेली आहे, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. ज्या मराठी साहित्य महामंडळाचा आपला विदर्भ साहित्य संघ हा एक घटक आहे, त्या महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ साली शासनाने स्वीकारले आणि १९७२ साली त्यांत भर पडली. त्या नियमांप्रमाणे शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ लिहावयाचा : कवी, गुरू, बुद्धी, मंत्री. परंतु संस्कृतातून आलेला असा शब्द जोडाचे पूर्वपद झाला, की संस्कृतात त्याचे जे ऱ्हस्व रूप असते ते परत येते : कविसंमेलन, गुरुवार, बुद्धिबळ, मंत्रिमंडळ. लोक याला उगीच काढलेली खोड म्हणतात. आम्हांला ती वाटेवरची खूण वाटते. 'मंत्रि' ऱ्हस्व दिसला की समजावे, शब्द अजून संपलेला नाही, पुढे काही आहे. ही खूण सर्वत्र मिळत नाही. 'नदीकाठ', 'लक्ष्मीपूजन', 'पाणीपुरवठा' यांत मूळचाच दीर्घ आहे, म्हणून तो तसाच राहतो. पण जेथे आहे तेथे ती पुसून का टाकावी?

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. जोडशब्द करताना आपण काहीतरी गाळतो. 'देवाचे घर' यातला 'चे' गाळला की 'देवघर' झाले. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ साली निघाले, मोरो केशव दामल्यांचे १९११ साली. तेव्हापासून पोरे समासाचा विग्रह करीत आली आहेत. विग्रह म्हणजे गाळलेले परत भरून दाखविणे. घरगुती शब्दांत हे काम आपोआप होते. गाईंचे रान ते गायरान, हे गुराख्यालाही सांगावे लागत नाही. कचेरीच्या शब्दांत मात्र गाळलेले भरून काढणे हाच खरा प्रश्न असतो.

विदर्भाला कचेरीच्या नव्या शब्दांची ओळख लवकर झाली. १९५६ पर्यंत आपला भाग मध्य प्रदेशात होता, आणि डॉक्टर रघुवीर यांचे परिभाषा घडविण्याचे मोठे काम नागपुरातच चाललेले होते. संस्कृत धातू घ्यावा, त्याला पुढे उपसर्ग आणि मागे प्रत्यय लावावा, आणि हवा तो शब्द पाडून द्यावा, अशी त्यांची टाकसाळ होती. पुढे १९६० साली महाराष्ट्र झाल्यावर शासनाने भाषा संचालनालय स्थापिले आणि १९६२ मध्ये पदनामांचा कोश निघाला. या कामाची चेष्टा करणे सोपे आहे. पण त्याशिवाय मराठीत राज्य चालले नसते, हेही खरे आहे. त्यांतले किती तरी शब्द आज आपल्या तोंडी रुळले आहेत.

आमची तक्रार निराळी आहे. 'भूसंपादन' घ्या. भूमीचे संपादन, हा विग्रह बरोबर आहे. पण कोणी केलेले? कोणाकडून? शब्दाने विभक्ती गिळली आणि तिच्याबरोबर दोन माणसेही गिळली. घेणारा दिसत नाही आणि ज्याची जाते तोही दिसत नाही. अरुणावतीचे धरण आपल्या तालुक्यातच आहे. धरण होते तेथे 'लाभक्षेत्र' आणि 'बुडीतक्षेत्र' असे दोन शब्द येतात. दोन्हींत 'क्षेत्र' तेच. सारे नशीब पूर्वपदात. ज्याची जमीन दुसऱ्यात पडते त्याला 'प्रकल्पग्रस्त' म्हणतात. विग्रह करून पाहा : प्रकल्पाने ग्रासलेला. ग्रहणात राहू चंद्राला ग्रासतो, तोच हा धातू. कचेरीने हा शब्द कोरडेपणाने लिहिला असेल, पण सांधा उघडून पाहणाऱ्याला त्यात आख्खी हकिकत सापडते.

'कर्जमाफी' आणि 'कर्जमुक्ती' हे दोन शब्द आपण एकच समजून वापरतो. केंद्र सरकारची २००८ सालची योजना लोकांनी कर्जमाफी म्हणून ओळखली. राज्याच्या २०१९ च्या योजनेच्या नावातच कर्जमुक्ती हा शब्द होता. विग्रह मात्र वेगळे आहेत. कर्जाची माफी ती कर्जमाफी. कर्जापासून मुक्ती ती कर्जमुक्ती. माफी देणाऱ्याकडे पाहते, मुक्ती घेणाऱ्याकडे. एका कर्जाची माफी मिळूनही माणूस कर्जापासून मुक्त न झाल्याची उदाहरणे या कापसाच्या मुलखात कोणाला सांगावी लागणार नाहीत. सोसायटीचे कर्ज गेले तरी सावकाराचे राहतेच. तेव्हा नाव वाचताना विभक्ती भरून वाचावी, आणि मग योजनेची कलमे त्या विभक्तीला जागतात की नाही, ते पाहावे.

शेतकऱ्याला जोडशब्द करता येत नाहीत असे मात्र कोणी समजू नये. गावनमुना सात आणि गावनमुना बारा अशी महसुलाची दोन पत्रके. एकात जमिनीवरील हक्क, दुसऱ्यात पिके. कचेरीने सातव्याला 'अधिकार अभिलेख' असे भारदस्त नाव दिले. लोकांनी दोन आकडे एकमेकांना जोडले आणि 'सातबारा' असा द्वंद्व समास केला. बुलंद, आटोपशीर, आणि 'सात्-बारा' असा सांधा उघड. शेवटी कचेरीलाही तोच शब्द घ्यावा लागला. सांधा दिसतो तो शब्द लोक आपला मानतात, एवढेच यावरून सिद्ध होते.

तात्पर्य काय? पाट्या रंगविणाऱ्याने शब्द मोडावयाचाच असेल तर सांध्यावर मोडावा. इतिवृत्त लिहिणाऱ्याने मोकळी जागा सोडण्यापूर्वी अर्थ तपासावा. कचेरीत शब्द घडविणाऱ्याने तो बाजाराच्या दिवशी आलेल्या चार माणसांपुढे उच्चारून पाहावा. त्यांना त्याचा विग्रह करता आला तर तो ठेवावा, नाही तर गाळलेली विभक्ती परत घालून साधे वाक्य लिहावे. आणि आपण वाचकांनी? पुढ्यात कागद आला, की सही करण्यापूर्वी त्यातल्या प्रत्येक लांब शब्दाला विचारावे : बाबा, तू कुठे जोडला आहेस, आणि मध्ये काय गाळले आहेस? हे विचारावयास व्याकरणाची परीक्षा द्यावी लागत नाही. 'मामेभाऊ' आणि 'मावसभाऊ' यांतला भेद ज्याला कळतो, त्याला हेही कळते.